सांगोवांगीचा सल्ला भिंतीवर लावण्याआधी

ताई, नमस्कार.

मी रत्नागिरीजवळ मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. कोळंबी सोलणं, म्हाकूळ साफ करणं, गोठवणं, आणि शेजारीच मालकांचा बर्फाचा कारखाना. "सुरक्षेचं काहीतरी लिहून लाव," असं मालकांनी सांगितलं म्हणून मी मिळेल तिथून माहिती गोळा करून एकेका पानाची पत्रकं केली. भिंतीवर लावली, फोनवरही पाठवली. आता ती जेटीवर, चिऱ्याच्या खाणीवर, खडीच्या क्रशरवर फिरताहेत. लोक फोन करून शंका विचारतात आणि मलाच धडकी भरते, कारण त्यातलं निम्मं कुठून घेतलं ते आता आठवत नाही.

परवा एका तांडेलांनी, म्हणजे बोटीच्या प्रमुखांनी, जेटीवर चारचौघांत अडवलं. बोटीच्या कप्प्यातली हवा कंदील सोडून तपासू नका, असं माझ्या एका पत्रकात आहे. ते म्हणाले, "माझा जन्म गेला कंदील सोडून उतरण्यात, तू मला शिकवणार?" क्रशरवरचे लोक विचारतात, धुळीवर गूळ खायचा हे का नाही लिहिलंस? मालक म्हणतात, अपघातांचं लिहू नको, माल घेणारे तपासणीला येतात. हातमोज्यांचे एक व्यापारी छपाईचा खर्च द्यायला तयार आहेत, फक्त त्यांचा लोगो वर हवा. कुणाचं खरं मानू? की हा उद्योगच बंद करू?

– एक सुपरवायझर, रत्नागिरी

*

बंद करू नका. पण नवं पत्रक लिहायचं तूर्त थांबवा आणि लावलेली सगळी उतरवा. १०८, ११२, अग्निशमन दलाचा नंबर आणि बाहेर पडायच्या वाटा एवढंच राहू द्या. बाकी भिंत थोडे दिवस उघडी दिसली तर दिसू दे.

मग एकेक पत्रक घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीला विचारा: बाई, तुझा धनी कोण? ओळीच्या शेजारी समासात तीन गोष्टी लिहायच्या. हे कुणी सांगितलं, आपण कधी पडताळलं आणि कुठल्या जागेसाठी हे खरं आहे. धनी सापडला नाही तर ओळ खोडायची, ती कितीही शहाणपणाची वाटली तरी. तुमच्या गठ्ठ्यातलं बरंचसं यात गळून पडेल आणि पाच-सहा पत्रकं उरतील. चालेल की! तुमच्या एकटीच्यानं पाच-सहाच नीट सांभाळली जातात.

या तिन्हींत सगळे विसरतात ती तिसरी गोष्ट: कुठल्या जागेसाठी. नाकातोंडाला ओला रुमाल लावा, हा सल्ला घ्या. तुमच्याही गठ्ठ्यात तो असणारच. बर्फाच्या कारखान्यात गार करायला वापरतात तो अमोनिया वायू सुटला तर हा सल्ला बऱ्यापैकी खरा आहे. अमोनिया पाण्यात झपाट्यानं विरघळतो, त्यामुळे बाहेर पळताना ओलं फडकं थोडा आधार देतं. पण बाहेर पळताना, व्हॉल्व्ह बंद करायला आत शिरताना नव्हे. आता हीच ओळ जेटीवर गेली. बोटीच्या कप्प्यात फिशमीलला, म्हणजे माशांच्या भुकटीला, जाणारी मासळी सडली की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो आणि आतला ऑक्सिजनही कमी होतो. तिथे ओल्या रुमालाचा काडीचा उपयोग नाही, कारण फडक्यातून ऑक्सिजन काही तयार होत नाही. उलट रुमाल बांधलाय या भरवशावर माणूस शिडीवर पाय ठेवतो. तुमच्या हॉलमध्ये खरी असलेली ओळ मिरकरवाड्याच्या जेटीपर्यंत जाईतो जीवघेणी होते आणि वाटेत तिचा एक शब्दही बदललेला नसतो.

फोनवर फिरणाऱ्या पानाला भिंत नसते. म्हणून प्रत्येक पानाच्या माथ्यावर, मजकुराइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहा: "फक्त बर्फ कारखाना, अमोनिया" किंवा "फक्त बोटीचा कप्पा". खाली तारीख आणि पत्रकाचा क्रमांक.

अमोनियाचं पत्रक तुम्हाला बहुधा मुळापासून नव्यानं करावं लागेल, कारण ते जिथे लिहिलेलं असतं तिथे समुद्र नसतो. बाहेरून उतरवून घेतलेल्या पत्रकांत "मुख्य फाटकापाशी जमा" असं ठरलेलं असतं. आपल्या किनाऱ्यावर दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री आणि पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात, आणि पावसाळ्यात नैऋत्येचा वारा दोन्ही हिशेब मोडून टाकतो. दुपारी सुरक्षित असलेलं फाटक पहाटेच्या पाळीत नेमकं वायूच्या वाटेवर येऊ शकतं. म्हणून जमायच्या जागा दोन ठरवा, एक समुद्राच्या अंगाला, एक डोंगराच्या. छपरावर कुठूनही दिसेल असं निशाण लावा आणि पत्रकात लिहा: निशाण बघा, वारा जिकडून येतोय त्या बाजूला जा, मध्येच वायू असेल तर आधी वाऱ्याला आडवे निघा. दुसरं असं की "अमोनिया हवेपेक्षा हलका, म्हणून खाली वाका" असं कुठे लिहिलेलं असेल तर ते काढा. वायू हलका असतो हे खरं, पण दाबाखालचा द्रव अमोनिया फुटून बाहेर पडला की थंडगार पांढरं धुकं होऊन जमिनीलगतच सरपटतं. डोळ्यांत गेला तर साधं पाणी, निदान १५ मिनिटं, पापण्या उघड्या धरून; आणि लगेच दवाखाना. लिंबू किंवा व्हिनेगर घालून अमोनिया मारायची हुशारी डोळ्यांवर करायची नाही.

आता तांडेलांचा कंदील. तुमचं पत्रक बरोबर आहे, पण अर्धवट लिहिलंय आणि म्हणूनच ते चिडले. कंदील विझतो तेव्हा हवेत ऑक्सिजन कमी आहे हे तो खरंच सांगतो. जुन्या माणसांनी त्यावर जीव वाचवलेत, ते खोटं कसं म्हणायचं? घोटाळा पुढे आहे. हायड्रोजन सल्फाइड हवेत हजारात एक भाग एवढा असला तरी माणूस काही श्वासांत आडवा होतो आणि कंदील मात्र मजेत जळत राहतो. सडक्या अंड्यासारख्या वासावर भिस्त ठेवता येत नाही, कारण हवेत दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास हा वायू झाला की नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं, आणि घात होतो. मे महिन्यात विहिरी उपसताना डिझेलचा पंप आत उतरवतात, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर रंगाचा ना वासाचा. कंदिलाला त्याचाही पत्ता नसतो. शिवाय आत पेट घेणारा वायू असेल तर कंदील म्हणजे काडी ओढल्यासारखंच.

तेव्हा ओळ अशी करा: "कंदील विझला तर उतरायचं नाही हे खरं, पण जळत राहिला म्हणजे उतरायला मोकळीक आहे असं नाही. आणि भडका उडू शकतो म्हणून कंदील सोडूच नये." त्याखाली, मग काय करायचं ते: झाकण बराच वेळ उघडं ठेवून ब्लोअरनं ताजी हवा आत सोडणं, ऑक्सिजन, पेट घेणारे वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड असं चारही मोजणारं यंत्र दोरीनं खाली सोडून वर, मध्ये आणि तळाशी वाचन घेणं. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुणी उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा आणि दोर, वर एक माणूस सतत हजर, आणि त्या माणसानं काहीही झालं तरी खाली उडी मारायची नाही. हे शेवटचं ठळक करा. अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेनं १९८६ साली नोंदवलं होतं की बंदिस्त जागेत मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला उतरलेले होते. हा आकडा वापरायचा तर देश आणि साल धरूनच वापरा. असे आकडे फिरताना आधी साल गळतं, मग देश, आणि शेवटी "भारतात दरवर्षी" असं काहीतरी त्याला चिकटतं. एवढा एक खोटा आकडा कुणी पकडला की पत्रकातलं खरंही कुणी वाचत नाही.

गुळाचं सविस्तर लिहिते, कारण तुम्हाला त्यावर पुन्हापुन्हा विचारणार. ही समजूत नुसती आजीबाईची नाही. तिच्यामागे एक खरा प्रयोग आहे. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रात उंदरांच्या फुप्फुसांत कोळशाची आणि सिलिकाची धूळ घालून त्यांना गूळ दिला. धूळ फुप्फुसातून हलायला गुळाची मदत होते असं त्यांना दिसलं, आणि १९९४ साली ते प्रसिद्ध झालं. बस, एवढंच. क्रशरवर वर्षानुवर्षं धूळ खाणाऱ्या माणसाला गुळामुळे सिलिकोसिस, म्हणजे दगडातल्या सिलिकाच्या धुळीनं होणारा फुप्फुसांचा रोग, होत नाही असं त्यातून कुठेही निघत नाही. खाल्लेला गूळ पोटात जातो आणि बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसाच्या तळापर्यंत. सिलिकोसिस झाला की तो बरा करणारं औषध आजही नाही. गूळ खाऊ नका असं लिहायची गरज नाही, लोक चिडतील आणि गुळानं नुकसानही नाही. लिहा: "गूळ खा, पण त्यानं धुळीपासून संरक्षण मिळत नाही." खरा उपाय धूळ उडूच न देणं हा आहे. दगडावर आणि क्रशरच्या तोंडाशी पाण्याचे फवारे, पट्ट्यावर झाकण, फोडणारं यंत्र आणि माणूस यांच्यात अंतर, आणि सगळ्यात शेवटी चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क. मला या गुळाचा राग येतो तो दुसऱ्याच कारणानं: एक ढेप फवाऱ्यांपेक्षा स्वस्त पडते, आणि ती वाटली की मालकाला आपण काहीतरी केलं असं वाटतं.

आणि जांभ्याची धूळ, काळ्या दगडाची धूळ, सिंधुदुर्गात कासार्ड्याकडे निघणाऱ्या सिलिका वाळूची धूळ एकाच पत्रकात कोंबू नका. सिलिका वाळूचा धोका फार वेगळ्या तोलाचा आहे. खरं तर खाणीचं आणि क्रशरचं पत्रक तुम्ही करूच नये असं माझं मत. तुम्ही ती कामं रोज बघत नाही. तिथल्याच कुणा मुकादमाला किंवा खाणीवरच्या शिकलेल्या पोराला तयार करा, हवी तर तुमची पद्धत शिकवा, पण सही त्याची असू दे.

कुणाचं खरं मानायचं, हा तुमचा मूळ प्रश्न. रसायनासाठी पहिला धनी म्हणजे पुरवठादाराचं सुरक्षा माहितीपत्रक. त्यात १६ विभाग असतात, चौथा प्रथमोपचाराचा, आठवा हातमोजे-चष्मा-मास्कचा. डब्यावरचं दुकानी नाव न बघता रसायनाचा सीएएस क्रमांक, म्हणजे जगभर एकच असणारा त्याचा ओळख क्रमांक, जुळवा. अमोनियाचा ७६६४-४१-७ आहे. एकाच नावाच्या दोन कॅनमध्ये दोन वेगळ्या तीव्रतेचा माल असतो, हे तुमच्या स्वच्छतेच्या क्लोरीनच्या पाण्याबाबत तर नक्की तपासा. (आणि त्या पत्रकाची पहिली ओळ: संडास धुवायचं ॲसिड यात कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.) पुरवठादाराचं पत्रक मोघम वाटलं तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची रसायन सुरक्षा कार्डं पडताळायला आहेत. यंत्रासाठी यंत्र बनवणाऱ्याची पुस्तिका. बाकी कामगार आरोग्यासाठी मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, अहमदाबादला राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्था आहे, आणि राज्याचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. निरीक्षकाची धास्ती मालकांना असते, तुम्हाला असायचं कारण नाही. लेखी प्रश्न पाठवा आणि उत्तर आलं की ते धन्याच्या रकान्यात चिकटवा. "एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं आहे" हा धनी नव्हे.

बाकीच्या ओळी वर्षातून एकदा पडताळल्या तरी चालेल; कायद्याच्या ओळींना मात्र वर्षाची मुदतही जास्त होते. तुमच्या जुन्या पत्रकांत १९४८ च्या कारखाने कायद्याची कलमं असतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेत कारखाने कायदा, १९५२ चा खाण कायदा असे १३ कायदे सामावले गेले. वीज वापरणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला पूर्वी १० कामगार पुरत, आता २० लागतात. यावरून "आपल्या छोट्या बर्फ कारखान्याला आता काहीच लागू नाही" असा अर्थ कुणी काढला तर तो चुकीचा. मालकाच्या सुरक्षेच्या जबाबदाऱ्या १० कामगारांच्या आस्थापनेपासूनच सुरू होतात. म्हणून कलमांचे आकडे पत्रकावर घालू नका. "कामावर येण्याआधी काय मिळायला हवं, तक्रार कुठे करायची" एवढं साध्या शब्दांत आणि वर पडताळल्याची तारीख.

पडताळणीला आपल्याकडे आयती सवड आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, कच्चा माल कमी, हात थोडे मोकळे. त्या दिवसांत प्रत्येक पत्रक काढून धन्याशी पुन्हा ताडून बघायचं आणि नारळी पौर्णिमेच्या आत नवी तारीख घालून लावायचं. मध्येच रसायन, यंत्र किंवा पुरवठादार बदलला तर ते पत्रक त्याच दिवशी रद्द. एखादी ओळ चुकली असं कळलं तर गुपचूप बदलायची नाही. ज्या वाटेनं जुनं पान गेलं त्याच वाटेनं नवं पाठवायचं: क्रमांक अमुक, ही ओळ चूक होती, ही बरोबर, जुनं फाडा. आणि लॅमिनेशनचा मोह आवरा. प्लास्टिकमधलं पान कुणी खोडत नाही, वर्षानुवर्षं तसंच लटकतं.

बोटींवर नेपाळचे खलाशी असतात, सोलायला परराज्यातल्या बायका असतात. फोनमधल्या भाषांतरावर विसंबू नका. त्या भाषेच्या माणसाला पान वाचायला द्या आणि "मग तू काय करशील?" एवढंच विचारा. त्यानं करून दाखवलं ते चुकलं तर पान चुकलंय.

मालकांचा मुद्दा. त्यांना सरळ सांगा की माल घेणारे तपासणीला येतात तेव्हा कोरी नोंदवही बघून खूश होत नाहीत. शेकडो माणसं, ओली फरशी, सुऱ्या, अमोनिया, आणि वर्षात एकही नोंद नाही? त्यांनाच संशय येतो. थोडक्यात टळलेले प्रसंग लिहायचे: कुठे, काय, का, आणि त्यानंतर काय बदललं. कुणाचं नाव नाही, कुणाची चूक नाही. पत्रकातली भाषा कशी असावी हे मालकांनी जरूर सांगावं. कुठला धोका गाळायचा हे मात्र त्यांच्या हाती देऊ नका, आणि हे त्यांच्याकडून आत्ताच, गोडीत असताना, दोन ओळी लिहून घ्या. आणि पत्रकांत कुणा बाईच्या कापलेल्या बोटाचा किंवा भाजलेल्या हाताचा फोटो असेल तर आजच काढा. लोक फोटो बघतात, हळहळतात, सुरी तशीच धरतात. आणि ती बाई उद्या बाजारात गेली की चार लोक तिच्या हाताकडे बघतात.

तांडेलांकडे पत्रक घेऊन जा, चारचौघांत नव्हे, घरी. कंदिलाची नवी ओळ त्यांना वाचून दाखवा आणि विचारा, बेशुद्ध माणूस तुमच्या बोटीच्या कप्प्यातून दोरीनं वर कसा काढाल? तोंड केवढं, शिडी कुठे, दोर कशाला बांधायचा? हे तुमच्या कुठल्याच धन्याला ठाऊक नाही, त्यांना ठाऊक आहे. त्यांनी सांगितलेलं किनाऱ्यावर, रिकाम्या बोटीत, वाळूचं पोतं बांधून करून बघा. जमलं तर त्या ओळीपुढे त्यांना विचारून त्यांचं नाव घाला.

हातमोजेवाल्यांचे पैसे घेऊ नका. लोगो लागला की हातमोज्याची प्रत्येक ओळ जाहिरात वाटणार, मग ती खरी असली तरी. पाच-सहा पानांच्या झेरॉक्सला असा कितीसा खर्च येतो, तो मालकांकडून घ्या. व्यापाऱ्यांना कळवा, लोगो नको, दोन-तीन प्रकारचे जोड नमुन्याला पाठवा. कोळंबी सोलणाऱ्या बायकांना आठवडाभर घालू द्या. बर्फाच्या पाण्यात बोटं आखडतात का, काटा आरपार जातो का, घसरतात का, ते त्याच सांगतील. मग हातमोज्याच्या पत्रकाचं काय लिहायचं ते बघा.